चौलच्या अलीकडे बाप, पलीकडे आई

१८३० च्या सुमारास उरणहून बाणकोटला निघालेला एखादा मचवा डोळ्यांसमोर आणावा. उरणच्या धक्क्यावर त्याला मुंबई सरकारचे कायदे लागू, कारण करंजा बेट १७८२ च्या साल्बाईच्या तहापासून इंग्रजांकडे पक्कं झालेलं होतं. रेवसचं टोक वळसा घालून तो अलिबागला आला की राज्य आंग्र्यांचं. जकात त्यांची, नाणं त्यांचं, तंटा झाला तर निवाडाही त्यांचा. कुंडलिकेची खाडी मागे पडली की जंजिऱ्याच्या सिद्दीचा अंमल सुरू, तो थेट सावित्रीच्या मुखापर्यंत. आणि सावित्रीपलीकडे बाणकोटच्या किल्ल्यावर पुन्हा इंग्रजांचं निशाण, तेही १७५६ पासून. हा सगळा प्रवास जेमतेम शंभर किलोमीटरचा. भाषा एक, भात एक, मासळी एक. खलाशी मात्र दर दोन-तीन खाड्यांनंतर दुसऱ्या कायद्याच्या हद्दीत शिरत होता.

आजचा रायगड जिल्हा नकाशावर एकसंध दिसतो. १८६९ पासून तो कुलाबा जिल्हा होता, १९८१ मध्ये त्याचं नाव रायगड झालं. पण या किनाऱ्यावर राहणाऱ्या सगळ्यांना एकच कायदा लागू होण्याची गोष्ट जिल्ह्याच्या नकाशापेक्षा खूप लांबलेली आहे. ती एका राजाच्या शिक्क्यानं घडली नाही.

जगात काही ठिकाणी ती तशी घडली. नॉर्वेत तेराव्या शतकापर्यंत चार मोठ्या प्रादेशिक सभा होत्या आणि प्रत्येकीचा कायदा निराळा होता. राजा माग्नुस होकोनसन यानं १२७४ पासून पुढच्या दोन वर्षांत एकेका सभेपुढे एकच संहिता ठेवून ती मान्य करून घेतली. ती चारशेहून अधिक वर्षं चालली. शेजारच्या स्वीडनमध्ये प्रांताप्रांतांचे कायदे होते. सभेत उभं राहून कायदा सांगणारा माणूस तो तोंडपाठ म्हणत असे. तिथे माग्नुस एरिकसन यानं १३५० च्या सुमारास सगळ्या राज्यासाठी एक ग्रामीण संहिता केली आणि शहरांसाठी दुसरी. चर्चबद्दलचं प्रकरण मात्र या नव्या संहितेत आलंच नाही, त्या बाबतीत जुने प्रांतिक नियमच चालू राहिले. गोटलंड बेटानं स्वतःचा कायदा आणखी कित्येक पिढ्या टिकवला. जुने प्रांतिक कायदेही लगेच मागे हटले नाहीत. तरीही त्या देशांना निदान एक तारीख दाखवता येते. रायगडच्या किनाऱ्याला एक तारीख नाही. त्याच्या तारखा खाडीगणिक आणि घरागणिक बदलतात.

प्रादेशिक सभा आपल्याकडेही होत्याच. मराठी मुलखात वतनाचा, हद्दीचा, वारशाचा तंटा गोतसभेपुढे जाई. देशमुख, देशपांडे, गावचे वतनदार, बलुतेदार असे सगळे जमत, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्याखाली ज्याला लिहिता येत नाही त्याची निशाणी असे, म्हणजे शेतकऱ्याचा नांगर आणि इतरांची आपापल्या धंद्यातली हत्यारं. पुरावा तोकडा पडला तर दिव्य करायचं. तापलेल्या तेलातून धातूचा रवा काढायचा, हात बांधून मोहोर करायची आणि ठरलेल्या दिवशी जखम पाहायची. आज हे ऐकताना अंगावर काटा येतो. पण निकाल कोणासमोर लागला, कोण कोण हजर होतं, हे त्या कागदावर नीट नोंदलेलं असे. आजचे इतिहासकार त्याच महजरांवरून गावोगावचा इतिहास लिहितात.

राज्यकर्त्यांनी एकसारखेपणा आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न केला तो कायद्यात नव्हे, मोजणीत. शिवाजी महाराजांच्या काळात जमीन मोजायला पाच हात पाच मुठी लांबीची काठी ठरली. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर. गावकऱ्याच्या वारशात राजा हात घालत नव्हता, पण त्याच्या शेताची लांबी-रुंदी कोणत्या मापानं ठरायची हे तो सांगत होता. समुद्रावर मात्र असा एकोपा कधीच झाला नाही. पोर्तुगिजांचा परवाना वेगळा, आंग्र्यांचं दस्तक वेगळं, सिद्दीचा दावा वेगळा. एकाचा कागद दुसऱ्याच्या गलबताला दाखवून उपयोग नसे.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि महाड, नागोठणे, पेण या बाजूचा मुलूख इंग्रजांकडे आला. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२७ मध्ये आपली प्रसिद्ध संहिता लागू केली. तिच्यातला चौथा रेग्युलेशन मुद्दाम वाचण्यासारखा आहे. दिवाणी दाव्यात आधी पार्लमेंटचे आणि सरकारचे कायदे पाहायचे. ते नसतील तर ज्या मुलखात दावा उभा राहिला तिथली वहिवाट पाहायची. वहिवाट सापडली नाही तर प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा. तोही नसेल तर न्याय, समता आणि सदसद्विवेक. म्हणजे पोथीच्या आधी वहिवाट. याच सुमारास आर्थर स्टील यांनी दख्खनमधल्या जातीजातींचे रिवाज विचारून विचारून ग्रंथात उतरवले. वहिवाटीला इतकं वरचं स्थान देणारी ही व्यवस्था तिच्या काळाच्या मानानं शहाणपणाची होती, असं म्हणायला हरकत नाही.

पण वहिवाट सांगणार कोण? कोर्टात हिंदूंच्या दाव्यांसाठी शास्त्री नेमलेले असत. ते १८६४ पर्यंत होते. जज्ज प्रश्न लिहून पाठवायचा, शास्त्री ग्रंथाचा आधार देऊन व्यवस्था लिहायचा. अशा उत्तरांचा ढीग जिल्ह्याजिल्ह्यांतून गोळा करून रेमंड वेस्ट आणि गेओर्ग ब्यूलर यांनी १८६० च्या दशकात हिंदू कायद्याचा मोठा संग्रह काढला. परिणाम असा झाला की आगरी, कोळी, भंडारी यांच्या घरात जे तोंडी चालत होतं त्याच्यावर हळूहळू संस्कृत ग्रंथाची मोहोर बसली. ज्या घरात कधी कोणी संस्कृत वाचलं नव्हतं, त्या घरातल्या वारशाचा निकाल संस्कृत पोथीवरून लागू लागला.

आणि त्या पोथ्याही एक नव्हत्या, दोन होत्या. बाराव्या शतकाच्या उंबरठ्यावर कल्याणीच्या चालुक्य राजाच्या आश्रयानं विज्ञानेश्वरानं लिहिलेली मिताक्षरा ही एक. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठानं सतराव्या शतकात काशीत लिहिलेला व्यवहारमयूख ही दुसरी. मराठी मुलखात मिताक्षरा वरचढ. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण इथे मात्र जिथे दोन्हींचा मतभेद असेल तिथे मयूखाचं म्हणणं चालायचं. मग उत्तर कोकण संपतं कुठे, हा प्रश्न मुंबई हायकोर्टापुढे आला. निकालांतून ठरलं ते असं: मयूखाचं वर्चस्व दक्षिणेला चौल आणि नागोठण्याच्या पलीकडे नेता येत नाही. महाडला मिताक्षराच.

या रेषेचा अर्थ एका घरापुरता पाहू. एक माणूस विभक्त राहत होता. मूलबाळ नाही, बायको आधीच गेलेली. तो मेला. मागे आई आणि बाप दोघंही हयात आहेत. त्याची जमीन कोणाला? मिताक्षरेप्रमाणे आधी आईला. विज्ञानेश्वराचं कारण माणसाला पटणारं आहे: बापाला दुसऱ्या बायकोपासूनही मुलं असू शकतात, आई तेवढ्या मुलाची आई असते, म्हणून तिचं नातं अधिक जवळचं. मयूखाप्रमाणे आधी बापाला. म्हणजे मुंबईकडून पाहिलं तर चौलच्या अलीकडच्या गावात ती जमीन बापाच्या नावावर चढायची आणि पलीकडे महाडकडे आईच्या. सोयरीक तर दोन्हीकडून व्हायची. पेणची मुलगी महाडला दिली की तिचा आपल्या मुलाच्या मालमत्तेवरचा हक्क बदलायचा, आणि हे तिला लग्नात कोणी सांगत नसे.

शेजारच्या घरांत तर आणखी निराळं. पेण, अलिबाग, रेवदंडा, नवगाव या पट्ट्यातले बेने इस्रायल ज्यू शतकानुशतकं तेल गाळायचे, मराठी बोलायचे. १८६५ च्या भारतीय वारसा कायद्यानं हिंदू, मुसलमान आणि बौद्ध वगळले, ज्यू वगळले नाहीत. त्यामुळे या शनवार तेल्यांच्या घरात एका पिढीच्या आत इंग्रजी धर्तीचे वारसाहक्क आले. कोर्लईचे ख्रिस्ती त्याच कायद्याखाली. त्यांचे पूर्वज पोर्तुगीज अमलाखाली होते, पण पोर्तुगिजांनी १७४० मध्ये चौल-रेवदंडा सोडलं, आणि गोव्यात लागू झालेली पोर्तुगीज नागरी संहिता तर १८६७ ची. म्हणून धर्म एक, बोलीत पोर्तुगीज शब्द आजही जिवंत, पण गोव्यातल्या ख्रिस्त्यांचा कौटुंबिक कायदा कोर्लईला कधी लागूच झाला नाही. श्रीवर्धन, म्हसळ्याचे कोकणी मुसलमान शरियतीप्रमाणे चालत. पण १९३७ चा शरियत कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता, जंजिरा संस्थानाचा नव्हता.

राज्यांच्या सीमा त्या मानानं लवकर पुसल्या गेल्या. आंग्र्यांचा दुसरा रघुजी १८३८ मध्ये वारला, त्याचा लहानगा मुलगाही वर्षभरात गेला आणि १८४० मध्ये वारस नाही म्हणून कुलाबा संस्थान कंपनीनं खालसा केलं. दत्तकाची विनंती मानली गेली नाही. डलहौसीच्या नावावर पुढे जे धोरण गाजलं त्याची चव अलिबागला डलहौसी यायच्या आधीच कळली होती. १८६२ पासून भारतीय दंड संहिता लागू झाली आणि फौजदारी गुन्ह्यापुरता उरण ते नागोठणे कायदा एक झाला.

जंजिरा बाहेरच राहिला. १८६८ पर्यंत तिथे इंग्रजांचा राजकीय प्रतिनिधीही नव्हता. त्या सुमारास फौजदारी न्यायाचा कारभार इतका बिघडला की तेवढी सत्ता नवाबाकडून काढून प्रतिनिधीकडे देण्यात आली. बाकी राज्य नवाबाचं. गादीचा वारसा मुसलमानी कायद्याप्रमाणे चालेल अशी सनद त्याच्याकडे होती आणि तो इंग्रजांना खंडणीही देत नव्हता.

शेतकऱ्याच्या दृष्टीनं मात्र राजा कोण यापेक्षा खोत कोण हा प्रश्न मोठा होता. खोत म्हणजे गावाच्या वसुलीचा मक्ता घेतलेला माणूस, पुढे तो मालकासारखाच झाला. त्याच्या हाताखालचा शेतकरी कुठे पिकाचा अर्धा वाटा देणारा अर्धेल, कुठे तिसरा वाटा देणारा तिर्धेल. पीक उभं असतानाच खोताचा माणूस येऊन अभावणी करायचा, म्हणजे किती पिकेल याचा अंदाज बांधायचा, आणि वाटा त्या अंदाजावर ठरायचा. अंदाज त्याचा, माप त्याचं, वही त्याची. सरकारनं १८८० मध्ये खोती सेटलमेंट कायदा केला तो रत्नागिरी डोळ्यांपुढे ठेवून. कुलाब्याच्या काही भागालाच तो लागू झाला. म्हणजे एकाच जिल्ह्यात एका गावच्या कुळाला कायद्याचा थोडाफार आधार होता, दुसऱ्या गावच्या कुळाला खोतानं अंगठा घेतलेली कबुलायत हाच कायदा.

या किनाऱ्यावरचा कायदा एक झाला तो वरून कोणी शहाणपण वाटलं म्हणून नव्हे, हे इथे लक्षात येतं. ज्यांच्या वाट्याला सगळ्यात वाईट कायदा आला होता त्यांनी तो मानायचं थांबवलं, म्हणून तो एक झाला. याचे दोन मोठे पुरावे एकाच दशकातले आहेत.

पहिला महाडचा. महाड सावित्रीच्या खाडीवरचं जुनं बंदर. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव आणला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये तसा ठराव केला. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांसह चवदार तळ्याचं पाणी घेतलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात काही सवर्णांनी महाडच्या कोर्टात दावा लावला. त्यांचं म्हणणं असं की तळं आमचं आहे आणि अस्पृश्यांना न शिवू देण्याची वहिवाट अनादी काळापासून चालत आली आहे. एल्फिन्स्टनच्या काळापासून कोर्टात जिला मान होता तीच वहिवाट आता माणसाला पाण्यापासून तोडण्यासाठी पुढे केली गेली. दहा वर्षं दावा चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टानं निकाल दिला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड, म्हणजे ज्यांनी १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना राजद्रोहाची शिक्षा सुनावली होती तेच. अशी अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही, असं कोर्टानं म्हटलं. एका तळ्यापुरता का होईना, गावच्या चालीला मोठ्या कायद्यानं नकार दिला.

दुसरा पुरावा चरीचा. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकारानं सभा झाली आणि खोतांची जमीन कसायची नाही असं ठरलं. पंचवीस गावं त्यात उतरली. तो संप सहा वर्षं चालला. सहा वर्षं म्हणजे सहा पावसाळे शेत समोर असून नांगर घरात. माणसं जंगलातून लाकूडफाटा आणून विकायची, मिळेल त्या मजुरीवर दूर जायची. खोतांना भात मिळालं नाही, कुळांनाही मिळालं नाही, पण कुळं फुटली नाहीत. पाटलांनी १९३७ मध्ये 'कृषिवल' हे पत्र काढलं. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत धडकला. विधेयक मंजूर झालं नाही. पण महसूलमंत्री मोरारजी देसाई यांना चरीपर्यंत यावं लागलं आणि १९३९ मध्ये मुंबई प्रांताचा पहिला कूळ कायदा झाला. त्यानं जुन्या कुळाला संरक्षण दिलं, हुसकावून लावणं अवघड केलं.

महाडच्या तळ्याचा निकाल आणि खोतीचं विधेयक एकाच वर्षातलं, आणि दोन्हींमागे माणूस एकच. त्याचं मूळ गाव आंबडवे सावित्रीच्या पलीकडे मंडणगडच्या डोंगरात.

मग १९४८ उजाडलं. जानेवारीत नानासाहेब पुरोहित यांच्या नेतृत्वाखाली लोकांची सेना जंजिरा संस्थानात शिरली. मोहन धारियांसारखे तरुण तिच्यात होते. म्हसळा, श्रीवर्धन ताब्यात आलं आणि मार्चमध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. नवाबाचा अंमल गेला, पण नवाबाच्या काळातले नियम एका रात्रीत जात नसतात. १९५० मध्ये विलीन संस्थानांत मुंबईचे कायदे लागू करण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. खोतीचंही तसंच. १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याची अंमलबजावणी १९५० पासून जुन्या कुलाबा जिल्ह्यात झाली. जंजिरा आणि भोर या दोन संस्थानांच्या मुलखातली खोती काढायला १९५३ मध्ये स्वतंत्र कायदा आला. म्हणजे कुंडलिकेच्या उत्तर काठावरचा खोत आधी गेला, दक्षिण काठावरचा मागाहून. राज्याची सीमा पुसल्यावरही पाच वर्षं ती खाडी कायद्यापुरती शिल्लक होती.

१९४८ चा मोठा कूळ कायदा आणि त्यातल्या दुरुस्तीप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन, ही तारीख या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना पाठ असते. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्यानं जमिनीचा खरेदीदार मालक समजलं जाणार होतं. सातबाऱ्यावर नाव चढायला कुठे महिने लागले, कुठे पिढी लागली. पण उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, महाड, सगळीकडे कायद्याचं वाक्य पहिल्यांदाच एक होतं.

घरातला कायदा एक व्हायला आणखी एक धडपड करावी लागली. आंबेडकरांनी कायदेमंत्री म्हणून हिंदू कोड बिल रेटलं, ते अडलं आणि १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढे तुकड्यातुकड्यांनी ते मंजूर झालं. १७ जून १९५६ पासून लागू झालेल्या हिंदू वारसा कायद्यानं मयूख आणि मिताक्षरेतली ती चौलची रेषा पुसून टाकली. आई पहिल्या वर्गाची वारस ठरली, मृताच्या पत्नी आणि मुलांच्या बरोबरीची. बाप दुसऱ्या वर्गात गेला. पुढे २२ जून १९९४ पासून महाराष्ट्रानं मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मानं हक्क दिला, देशानं तो २००५ मध्ये दिला. पेणहून महाडला दिलेल्या मुलीच्या नातीला तिच्या आजीपेक्षा कितीतरी मजबूत हक्क मिळाला. हे या सगळ्या इतिहासातलं सर्वांत चांगलं फलित आहे, आणि ते तसं स्पष्ट म्हणावं.

पण सगळंच मिळवलेलं नाही, काही हातचं गेलंही. खारेपाटात, म्हणजे अलिबाग-पेणच्या खाडीकाठच्या भातशेतीत, शेतं भरतीच्या पातळीखाली असतात. ती जगतात बांधामुळे. जुन्या काळी बांध घालून जमीन वर काढणारा शिलोत्रीदार असे. बांधाच्या देखभालीसाठी शेतकरी त्याला बिघ्यामागे मणभर भात देत. पुढे गावकरी जोळ करून एकत्र यायचे. उधाणाच्या आधी माती घालायची, उघाड्या, म्हणजे पाणी सोडायची दारं, साफ करायच्या, खांड पडली, म्हणजे बांध फुटला, तर रात्रीही धावायचं. कोणत्या घरातून किती माणसं यायची ते ठरलेलं असे. हा कुठल्या पोथीत नसलेला, पण काटेकोर पाळला जाणारा कायदा होता. १९४८ च्या खारजमीन कायद्यानं आणि नंतर १९७९ च्या कायद्यानं ही जबाबदारी सरकारी यंत्रणेकडे गेली. हेतू चांगला होता, कारण मोठे बांध एकट्या गावाला झेपत नव्हते. पण बांध सरकारचा झाला तसा जोळ विरत गेला, आणि पैसा वेळेवर येईना तेव्हा खांडी उघड्या राहिल्या. खारं पाणी शिरलेल्या शेतात कांदळवन वाढतं. त्याच्या संरक्षणाचे नियम मुंबई हायकोर्टाच्या २००५ च्या आदेशानंतर कडक झाले, आणि ते असायलाच हवेत. त्यामुळे एकदा बुडालेली जमीन पुन्हा लागवडीखाली आणणं शेतकऱ्याला फार अवघड झालं. शेतकऱ्याला मालकी देणारा कायदा आणि त्याचं शेत राखणारी वहिवाट यांची गाठ कोणी बांधलीच नाही. ही या एकीकरणातली खरी चूक आहे.

दुसरीकडे, जी वहिवाट जायला हवी होती ती राहिली. या किनाऱ्यावरच्या अनेक गावांत गावकी अजून आहे. ती उत्सव करते, देऊळ बांधते, भांडणं मिटवते. पण काही ठिकाणी तिनं कुटुंबांना वाळीत टाकलं, बोलणं बंद, विहीर बंद, मयताला कोणी येणार नाही. गेल्या दशकात रायगड जिल्ह्यातून अशा तक्रारी एकामागून एक आल्या. बहिष्कार रोखणारा मुंबईचा १९४९ चा जुना कायदा सुप्रीम कोर्टानं १९६२ मध्येच रद्द ठरवला होता. त्यामुळे पोलिसांच्या हातात नेमकं कलम नव्हतं. शेवटी महाराष्ट्र विधिमंडळानं एप्रिल २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मंजूर केला आणि जुलै २०१७ पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, आणि त्यामागचा रेटा बऱ्याच अंशी याच किनाऱ्यावरच्या वाळीत पडलेल्या घरांचा होता. चवदार तळ्यानंतर नव्वद वर्षांनी पुन्हा पाणी, पुन्हा गावची चाल, पुन्हा कायदा.

या इतिहासाचा सरकारी भाग दप्तरखान्यांत आहे. कुळांचा भाग मात्र अजून घराघरांत आहे, खोतानं दिलेल्या पावत्यांत, अंगठा घेतलेल्या कबुलायतींत, कृषकदिनानंतरच्या मामलेदार कचेरीच्या नोटिशींत. बऱ्याच कागदांची अक्षरं मोडी आहेत, म्हणून ते पेटीत पडून राहतात आणि घर पाडताना जुन्या वाशांबरोबर जातात. रायगडच्या किनाऱ्यावर ज्यांचं घर आहे त्यांनी यंदा गावी जातील तेव्हा ती पेटी उघडावी, कागदांचे फोटो काढून ठेवावेत आणि मोडी जाणणाऱ्याकडून ते वाचून घ्यावेत. चरीच्या सहा वर्षांत कोणत्या घरानं काय सोसलं हे सरकारी दप्तरात सापडणार नाही, ते त्याच कागदांत आहे.